तळघरातले तीन हिवाळे

ग्लास नाकाजवळ नेला आणि तिला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास आला. अगदी पुसट, शेजारच्या खोलीत कुणीतरी बाटली उघडून लगेच बूच लावावं तसा. तिने ग्लास खाली घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा वर नेला. होता. कानाच्या दवाखान्यात ती श्रवणचाचणीचं काम करायची, आणि त्या दुपारी तिथल्या मोठ्या डॉक्टरांचा निरोपसमारंभ होता. दोन टेबलं जोडून त्यांवर पांढरा कागद पसरलेला, त्यावर केक, आणि केकच्या बाजूला फसफसत्या वाइनची एक बाटली. रिसेप्शनवरच्या बाईंनी ती मुद्दाम शोधून आणली होती, कारण तिच्या लेबलावर जे आडनाव होतं ते हिचं माहेरचं. “तुमच्या घरची!” असं म्हणून त्यांनी ती हिच्याच हातात दिली होती आणि हिनेच ती उघडली होती, लहानपणापासून पाहिलं होतं तशी, बूच न फिरवता बाटली फिरवून, आवाज होऊ न देता. सगळ्यांनी वा वा केलं होतं. आता सगळ्यांची नाकं ग्लासांत जात होती आणि बाहेर येत होती, आणि एकाचाही चेहरा बदलत नव्हता. मोठे डॉक्टर म्हणाले, “काय बुडबुडे आहेत! वडलांना माझा नमस्कार सांगा.” ती म्हणाली, “सांगते.” आणि मग तिला ओळखीचा, जुना, जवळजवळ आरामशीर विचार सुचला, की आपल्यालाच चुकीचं वाटतंय. आपल्याला नाक नाही.

हे वाक्य तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की ते कुणीतरी कधीतरी उच्चारलं होतं हेही ती सहसा विसरून जाई. माणसाला आपली उंची माहीत असते तसं ते तिला माहीत होतं. ती चौथीत होती. घरात हिवाळ्यातलं मोठं काम चाललेलं. द्राक्षमळ्यातल्या वेगवेगळ्या तुकड्यांची साधी वाइन वेगवेगळ्या टाक्यांत असते, ती चाखून, हुंगून, कुठली किती घ्यायची हे ठरवून एक करायची. घरात याला ‘मेळ’ म्हणत. मेळ बसला की ती वाइन थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटल्यांत भरायची, पत्र्याची झाकणं ठोकायची आणि तीन वर्षं तळघरात आडवी झोपवायची. बुडबुडे तिथे अंधारात, बाटलीच्या आतच, हळूहळू तयार होतात. मेळाच्या टेबलाशी मुलांना मज्जाव होता. पण त्या दिवशी बाबांनीच तिला हाक मारली, तीन ग्लास पुढे ठेवले आणि म्हणाले, “प्यायचं नाही. नुसतं हुंगायचं. सांग काय येतंय.” ती खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. मधल्या ग्लासाला पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर येतो तसा वास येत होता, असं ती म्हणाली. आणि तिसऱ्यातून आजोबांच्या कोटाचा वास येतोय, हा वाईट आहे, हा घेऊ नका. टेबलाभोवतीच्या मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाबा मोठ्याने हसले. “आजोबांचा कोट! हिला नाक नाही बुवा. डोकं आहे, शिकू दे हिला.” सगळे हसले. तीही हसली, कारण डोकं आहे म्हणाले होते. पुढे ती शिकली, शहरात आली, कानांच्या कामाला लागली, लग्न झालं, आणि जेवताना नवरा म्हणे, “आमटीला काहीतरी वास येतोय का गं?” तर ती म्हणे, “मला काय विचारतोस, मला नाक नाही.” आणि हे ती जराशा अभिमानानेच म्हणे, घराण्याच्या गोष्टीत आपलीही एक जागा आहे अशा सुरात.

समारंभ संपल्यावर ग्लास गोळा करताना तिने बाटलीच्या तळाशी उरलेलं पुन्हा एकदा हुंगलं. मग चाचणीच्या खोलीत गेली. चारी भिंतींना जाड गादीसारखं अस्तर असलेली ती लहानशी खोली. दार लावलं की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. तिथून तिने धाकट्या भावाला फोन केला. सांगायचं म्हणून सांगितलं, हसत हसत, की आज आपली बाटली उघडली, डॉक्टर खूश झाले, मला मेलीला उगाच नेलपॉलिशचा वास आला. फोन कट झाला असं वाटून ती “हॅलो, हॅलो” करत राहिली.

“तुला कसं कळलं?” धाकटा म्हणाला.

“म्हणजे?”

“ताई, शनिवारी ये. बाबांना म्हण, सहज आले.”

शनिवारी बसमधून उतरून ती चालत निघाली तेव्हा द्राक्षांच्या रांगा उघड्या पडल्या होत्या, छाटलेल्या फांद्यांच्या जुड्या बांधाला रचलेल्या होत्या, आणि गार हवेत मातीचा वास होता, का नव्हता, हे ती पहिल्यांदाच स्वतःला विचारत होती. घराच्या फाटकाशीच करपल्याचा वास आला. पायऱ्या चढेपर्यंत तो घशात बसला. स्वयंपाकघराचं दार ढकललं तर आत निळसर धूर, शेगडीवर दुधाचं भांडं काळं पडून तडतडतंय, आणि तीन हातांवर, टेबलाशी, शेगडीकडे पाठ करून बाबा पेपर वाचत बसलेले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक बोट ओळीखाली. “बाबा!” ती ओरडली. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, तू? न कळवता?” मग तिच्या नजरेमागून त्यांनी मान वळवली आणि त्यांना धूर दिसला. दिसला. ते पटकन उठले आणि म्हणाले, “हा पेपर म्हणजे ना! मगाचपासून वास येतोय, उठीन उठीन म्हणतोय.” तिने गॅस बंद केला. भांडं मोरीत टाकलं तेव्हा ते फुत्कारलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुराचंच होतं.

जेवण झाल्यावर बाबांनी तिच्यासाठी एक बाटली आणली. आई गेली त्या हिवाळ्यातला मेळ, नुकताच विक्रीला काढलेला. दवाखान्यात आला होता तोच. धाकटा समोर बसला होता. आत्या, बाबांची धाकटी बहीण, जिचा एक डोळा काचेचा होता, ती नेहमीसारखी जेवून लगेच तळघरात उतरली होती. बाबांनी वाइन ओतली, ग्लास उंच धरून बुडबुड्यांची रेघ पाहिली, मग ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटले. अख्खं लहानपण तिने हे पाहिलं होतं. देवळातल्यासारखं घर शांत व्हायचं. पण आज ती समोरून पाहत होती, आणि इतकी वर्षं एका अस्तर लावलेल्या खोलीच्या काचेतून माणसांकडे पाहत आली होती. तिचं कामच ते. कानांवर हेडफोन लावून माणसं बसत आणि आवाज आला की बटण दाबत. ज्यांना ऐकू येत नाही आणि ते कबूल करायचं नाही अशी माणसं ती दोन मिनिटांत ओळखायची. त्यांचे कान काम करत नसत, डोळे करत. ती आवाज सोडायची तेव्हा तिचा खांदा किंचित हलायचा, तो बघून ती माणसं बटण दाबत. मोठमोठे ऑफिसर, वकील, गाण्याचे मास्तर; सगळ्यांची तीच चोरटी, केविलवाणी, विलक्षण सावध नजर. बाबांनी डोळे मिटले होते, पण पूर्ण नाही. पापण्यांखालून ते धाकट्याकडे बघत होते. धाकट्याने आपला ग्लास हुंगला, त्याच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडली, आणि लगेच, पाठोपाठ, बाबा म्हणाले, “हं. थोडी कडक आहे अजून. उघडायला वेळ घेईल.” आणि त्यांचं ते बोट टेबलावर वाजलं.

हे बटण होतं. बाबांनी बटण दाबलं होतं. तिने ग्लास तोंडाला लावला आणि काहीच न कळता गिळला. बाबा विचारत होते, “कशी आहे?” ती म्हणाली, “छान.” आणि ते हसले, अगदी प्रेमाने, आणि म्हणाले, “तुला विचारून काय उपयोग म्हणा!”

बाबा आडवे झाले तेव्हा धाकट्याने तिला अंगणात गाठलं. त्याच्या बोलण्याआधीच ती म्हणाली, “कधीपासून?”

“आई गेली तेव्हा ताप नव्हता का आला त्यांना? त्यातून उठले ते असेच. त्यांना वाटतं, आम्हाला माहीत नाही.” तो खिशात हात घालून उभा होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण शाळेच्या फाटकाशी उभा असल्यासारखा. “मी कधी बोललो नाही. कसं बोलणार? ते हुंगतात, माझ्याकडे बघतात, मी तोंड वाकडं केलं की टाकी बाजूला. माझं नाक बेतास बात, तुला माहितीये. गेले तीन हिवाळे मेळ माझ्या तोंडाने बसलाय, ताई.” तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. “पहिला आता दुकानात पोचलाय. दोन दुकानदारांनी विचारलं, काही बदललंय का म्हणून. बाकीचे दोन खाली झोपलेत. काय असेल त्यांत, देवाला माहीत. आणि उद्या चौथा बसायचाय.”

“मग मला कशाला बोलावलंस? मला तर—”

धाकट्याने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, “खाली जा. आत्या वाट बघतेय.”

तळघराच्या पायऱ्या उतरताना थंडी घोट्यांपासून वर चढत गेली. खाली दोन्ही बाजूंना बाटल्या आडव्या रचलेल्या, छतापर्यंत, आणि शेवटच्या दालनात त्या तिरप्या फळ्या, ज्यांना भोकं पाडलेली असतात आणि भोकांत बाटल्या मान खाली घालून उभ्या असतात. आतला गाळ सुटून हळूहळू मानेत उतरावा म्हणून रोज प्रत्येक बाटली किंचित फिरवायची. आत्याचं हे काम. दोन्ही हातांनी दोन बाटल्या, खट् खट्, पुढच्या दोन, खट् खट्, कुणी मोठा माणूस सावकाश टाळ्या वाजवत असल्यासारखं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा. हा मुखवटा आता सगळेच घालतात. आत्या तरुण होती तेव्हा घालायची पद्धत नव्हती. बाटलीतला दाब ट्रकच्या टायरातल्यासारखा असतो, आणि काचेत कुठे एखादा दोष असला की ती बॉम्बसारखी फुटते. आत्याच्या तोंडासमोर फुटली होती. डोळा गेला, नाकाचं हाड मोडलं. तेव्हा ही भाची पाच वर्षांची होती आणि तिला एवढंच आठवत होतं, की वरच्या मजल्यावर कुणीतरी एकसारखं पाणी ओतत होतं.

“आलीस का, ठमे,” आत्या न थांबता म्हणाली. “दूध जाळलंन म्हणे दादाने.”

“तुला कसं कळलं? तुला तर वास—”

“मला येत नाहीच. धाकटा सांगून गेला.” खट् खट्. “माझं नाक त्या बाटलीबरोबर गेलं. म्हणून तर मी ओळखलं दादाला, पहिल्याच आठवड्यात. ज्याला वास येत नाही ना, तो जेवताना मीठ जास्त घेतो आणि कौतुक जास्त करतो. मी पण तेच करायचे.” मुखवट्यामागून ती हसली. “दोघं बहीणभाऊ बसतो आपले टेबलाशी, वा वा, काय सुंदर, आणि दोघांनाही चिंधी आणि चंदन सारखंच.”

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती म्हणाली, “आत्या, मला त्या बाटलीत नेलपॉलिशचा वास आला. खरंच आला का गं? का मला उगाच—”

“आला म्हणजे असणार.”

“पण मला नाक नाही.”

आत्याचे हात थांबले. इतक्या वर्षांत काम चालू असताना आत्याचे हात थांबलेले तिने पाहिले नव्हते. आत्याने मुखवटा वर सारला. चांगला डोळा तिच्यावर आणि काचेचा थोडा बाजूला, भिंतीवर. “म्हणजे तू अजून तेच धरून बसलीयस?” ती म्हणाली. “अगं, मला वाटलं तुला कळलं असेल एव्हाना. मोठी झालीस, शिकलीस. तो कोटाचा वास. टाकीला आतून बुरशी धरली होती, लाकडाच्या सांध्यात. आठवड्याने सापडली. तोवर एकाच्याही नाकाला लागली नव्हती, तुझ्या बापाच्यासुद्धा. आजोबा रडले होते तेव्हा, आनंदाने. म्हणाले, आली आपल्या घरात नाकवाली. आणि दादा म्हणाला, ही खाली उतरणार नाही.” खाली कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. “सगळ्यांना माहीत होतं ठमे. तुझ्या आईलासुद्धा.”

ती उभी होती तशीच उभी राहिली. डोक्यात एकही विचार येत नव्हता आणि त्याच वेळी फळीतल्या प्रत्येक बाटलीच्या बुडावरचं खडूचं निशाण तिला वेगवेगळं, नको इतकं स्पष्ट दिसत होतं. मग, आत्याच्या या वाक्यानेच कुणीतरी बोळा काढावा तसे, वास आले. ओला दगड. गंज. आत्याच्या स्वेटरमधला साबण. जुनं लाकूड, त्याच्या मागे अजून जुनं लाकूड, यीस्टचा पावासारखा उबदार वास, आणि खूप आतून, डाव्या बाजूने, आंबट काहीतरी. ते सगळे आधीही इथेच असणार. ती इथे खेळली होती, लपली होती, आईच्या दिवसांत इथे येऊन बसली होती, आणि प्रत्येक वेळी तिने ते आत घेतले होते आणि बाहेर सोडून दिले होते, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंना हात लावू नये तसे. तिला एकेक आठवायला लागलं. सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा तपासण्यांच्याही आधी, त्यांच्या उशीला येणारा तो सडक्या फळासारखा गोडसर वास. तिने नवऱ्याला सांगितलं होतं आणि पाठोपाठ म्हणाली होती, जाऊ दे, माझं काही खरं नाही. घर घेताना भिंतीतली ओल. पहिल्या नोकरीतल्या साहेबाच्या तोंडाचा सकाळी दहाचा वास. सगळं तिला आधी कळलेलं होतं. सगळ्याला ती स्वतःच नाही म्हणाली होती. कुणीतरी एक वाक्य टाकलं होतं, हसत, टेबलावरून, आणि तिने चाळीस वर्षं त्याची राखण केली होती. तिला ओरडावंसं वाटलं, पण अशा वेळी काय ओरडतात ते सुचेना. तिने विचारलं ते भलतंच. “बाटल्या फिरवताना किती फिरवायची गं?”

“इतकी,” आत्या म्हणाली आणि हाताने दाखवलं, आणि मुखवटा खाली ओढून पुन्हा कामाला लागली, पण सावकाश.

सकाळी मेळाचं टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, पाच टाक्यांचे पाच ग्लास प्रत्येकापुढे, थुंकायला बादली. खिडकीतून हिवाळ्याचं कोरडं ऊन. बाबा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून आले आणि तिला टेबलाशी बसलेलं पाहून क्षणभर थबकले. “वा! आज पाहुणे आहेत का?” म्हणत ते आपल्या खुर्चीवर बसले. पहिला ग्लास उचलला. डोळे मिटले. धाकट्याने आपला ग्लास उचललाच नाही. तो खाली मान घालून टेबलाच्या कडेकडे पाहत होता. बाबा थांबले. पापण्यांखालची नजर धाकट्याच्या केसांवर गेली, तिथून आत्याकडे, आत्याकडून तिच्याकडे. ग्लास नाकाशी तसाच. ती मनातल्या मनात म्हणत होती, बोलू नकोस, बोलू नकोस, आणि बोलली.

“बाबा, तुम्हाला वास येत नाही.”

बाबांनी ग्लास खाली ठेवला. इतक्या जपून की काच कापडाला लागल्याचाही आवाज झाला नाही. “तुला कधी कळलं?”

“काल.”

“आणि ह्याला?”

“आम्हाला सुरुवातीपासून, दादा,” आत्या म्हणाली.

बाबांचा चेहरा तिला नंतर किती तरी दिवस दिसत राहिला. लाज नव्हती त्यात. निव्वळ धक्का होता, अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसा. तीन हिवाळे ते एकटे लपत होते, आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांच्याभोवती कडं करून त्यांना लपू दिलं होतं. त्यांनी रुमाल काढला, तो नाकाला लावला, मग त्याचं काय करायचं ते न कळल्यासारखा हातातच ठेवला. “वाटलं होतं येईल परत,” ते म्हणाले. “रोज सकाळी उठून आधी साबण हुंगतो.” तिने घाईने पुढचं विचारलं. “आणि मला नाक नाही असं का सांगितलंत?”

त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “मी नाही, तू सांग.”

“तुझ्या आत्याला वर आणलं त्या दिवशी,” ते सावकाश म्हणाले, “मी उचलून आणलं. माझ्या सदऱ्यात काचा होत्या. हिचं नाक आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं. म्हणून तर हिला लहानपणापासून खाली ठेवली होती. नंतर तू त्या खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, हा घेऊ नका. मला तुझं तोंड दिसेना. हिचंच दिसायला लागलं. मला दुसरं काही सुचलं नाही गं. तोंडातून निघून गेलं ते. मग सगळे हसले, तूही हसलीस. वाटलं, सुटली.”

“माझं नाव पुढे करू नकोस,” आत्या म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी धाकट्याने दचकून वर पाहिलं. “माझा डोळा गेला, मी बांधलेल्या डोक्याने महिन्याभरात खाली होते. मला कुणी ढकललं नव्हतं. मला खाली आवडतं. माझ्या नावाने हिला बाहेर काढताना मला विचारलं होतंस?”

बाबांनी रुमाल मुठीत धरला. काल रात्रभर ती रागाची तयारी करत पडली होती, शब्द जुळवून ठेवले होते, आणि आता समोर एक म्हातारा माणूस रुमाल धरून बसला होता, ज्याने प्रेमापोटी तिचं एक इंद्रिय काढून घेतलं होतं, आणि हे खरं होतं की प्रेमापोटीच, आणि त्यामुळे तो राग कुठे ठेवायचा हेच कळत नव्हतं. धाकटा म्हणाला, “टाक्या थांबायच्या नाहीत. बसवायचा तर याच आठवड्यात बसवायला हवा. ताई.” सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने पहिला ग्लास उचलला.

“बोल,” बाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, यावेळी पूर्ण.

तिच्याकडे त्या कामाचे शब्द नव्हते. कुणी दिले नव्हते. तिने असतील त्या शब्दांत सांगायला सुरुवात केली. पहिल्यात नुकतं सोललेलं लिंबू आहे, पण साल नाही, आतलं पांढरं. दुसऱ्यात, उन्हात वाळलेला कपडा घडी घालताना येतो ना, तो. तिसरा मला आवडत नाही, त्यात बंद खोली आहे. चौथ्याला काहीच नाही. थांबा, आहे, खूप मागे आहे, काडी ओढून विझवल्यासारखं. बाबांच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या. ओठही. एकदा त्यांनी हात किंचित वर केला, “सावकाश,” आणि ती सावकाश बोलू लागली. पाचवा तिने सगळ्यात जास्त वेळ धरला. आणि एक गोष्ट घडत होती, जी तिने ठरवली नव्हती. तिला मजा येत होती. ऐन या सगळ्यात. पोहायला येतं हे कुणी न सांगता पाण्यात पडल्यावर कळावं तशी. ती म्हणाली, “पाचवा सगळ्यात चांगला. पिकलेलं पेअर आहे, मऊ, गोड. पाचवा जास्तीत जास्त घ्या. आणि चौथा सोडून द्या, त्यात काही दम नाही.” तिने ग्लास ठेवला. तिचे कान गरम झाले होते.

“नाही,” बाबा म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. “पाचवा आज गोड आहे, तीन वर्षांनी तो दमेल. बाटलीत राहणारच नाही तो, थकून बसेल. आणि ती विझवलेली काडी म्हणालीस ना? तीच राहते. गाळावर झोपली की तीच उठते वर. चौथा निम्मा घ्यायचा.” ते हे तिच्याकडे न पाहता, ग्लासांकडे पाहत, घाईघाईने बोलत होते, आणि त्यांच्या आवाजात बरेच दिवस नसलेलं काहीतरी आलं होतं. धाकटा त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून पाहत होता. त्यांना काहीही येत नव्हतं, साबणसुद्धा, पण तिच्या शब्दांतून त्यांना तीन वर्षांनंतरची बाटली दिसत होती. आणि तिला, जिला सगळं येत होतं, आजच्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं.

तिने चौथा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. काडी होती. फक्त काडी. तिने पुष्कळ प्रयत्न केला, तिच्यामागे आणखी काही असलं तर. “तुम्हाला कसं कळतं, ती उठेल म्हणून?” तिने विचारलं. “आत्ता काय हुंगायचं असतं, नंतरचं कळायला? मला सांगा.”

बाबांनी तोंड उघडलं. बोटं हवेत उठली, काहीतरी पकडल्यासारखी, आणि तशीच राहिली. ते शोधत होते, हे तिला दिसत होतं. मनापासून शोधत होते. शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

“ते सांगता नाही येत,” ते म्हणाले. “दाखवता आलं असतं.”

धाकट्याने खुर्ची मागे सरकवली आणि उठून खिडकीपाशी गेला. आत्याने न बोलता तिच्यापुढचे ग्लास पुन्हा ओळीत लावले, चौथा जरा पुढे. बाबा मान खाली घालून रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते. तिने चौथ्या ग्लासाकडे पाहिलं. बराच वेळ तिने तो उचलला नाही. मग उचलला.